कोरडे पोहे आणि प्यादेमात

नागपुरात सकाळच्या वेळी कोणी बिनतर्रीचे पोहे खाताना दिसला, की लोक दोनच गोष्टी समजतात. एक तर त्याचं पोट बिघडलं आहे, नाही तर तो पुण्याचा आहे. आमचे काका दोन्हींत बसत नव्हते. पोट बिघडलं असलं तरी ते कबूल करणाऱ्यांतले नव्हते, आणि जन्म पारशिवनीकडच्या खेड्यातला, बाकीची सगळी हयात नागपुरात गेलेली. तरी दर रविवारी सदर भागातल्या एका ठेल्यापाशी ते कोरड्या पोह्यांची प्लेट घेऊन उभे राहायचे आणि आमच्या प्लेटांतल्या लाल रश्शाकडे, त्यात बुडालेल्या हरभऱ्यांकडे असं बघायचे की आमचाच घास अडकावा.

नवीन माणूस विचारायचाच, "काका, तर्री नाही घेत?"

"शपथ आहे," एवढंच बोलून काका लिंबू पिळायचे.

ठेल्यासमोरच्या इमारतीत, चपलांच्या दुकानाच्या वर, आमचा बुद्धिबळ क्लब होता. क्लब म्हणजे एक खोली, काही डगमगती टेबलं आणि एक कूलर. कूलर लावला की पटावरची प्यादी पडायची आणि बंद केला की माणसं. चाळिशी आली की लोक योगा लावतात, मी बुद्धिबळ लावलं. नवरा म्हणाला, "तुला ऑफिसात डोकं कमी लागतं का?" मी विम्याच्या ऑफिसात होते, तेव्हा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

पहिल्या दिवशी मला काकांसमोर बसवलं. काका नोकरीतून निवृत्त झालेले, पांढरी मिशी, शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर आणि खांद्यावर उन्हाळा असो नसो दुपट्टा. त्यांनी मला आपादमस्तक पाहून विचारलं, "खेळता येते का वं?"

"थोडं येतं."

"थोडं येते म्हणणारेच लय खतरनाक असतात," ते म्हणाले आणि खेळायला लागले.

त्यांनी माझी दाणादाण उडवली. माझा वजीर गेला, एक हत्ती गेला, राजा भिंतीला लागला. आता त्यांच्या वजिराने एक टोला दिला की संपलं, असं मलासुद्धा दिसत होतं. काकांना दिसत नसेल असं शक्यच नव्हतं. पण ते वजीर हलवेनात. दूरवरचं एक प्यादं घेऊन ते पाऊल पाऊल पुढे सरकत बसले. तेवढ्यात मी सावरले, माझा घोडा दुहेरी मारावर जाऊन बसला आणि तासाभरात मी चक्क जिंकले. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की क्लबातल्या सर्वांत जुन्या खेळाडूला मी पहिल्याच दिवशी हरवलं. नवऱ्याने भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं.

पुढच्या रविवारी आमच्या क्लबच्या सेक्रेटरींनी माझी हवा काढली. हे दातांचे डॉक्टर. पटावरही त्यांना मूळ उपटूनच समाधान व्हायचं. ते म्हणाले, "मॅडम, काकांना हरवल्याचा आनंद आम्ही कधीच सोडला. त्यांना जिंकायचं नसतं. त्यांना प्याद्याने मात करायची असते."

काका जुन्या देशी पद्धतीचं बुद्धिबळ शिकलेले. गावात त्यांचे आजोबा देवळाच्या ओट्यावर कापडी पट अंथरून खेळायचे. त्या खेळात वजिराने मात केली तर कोणी मान वर करून बघायचं नाही. हत्तीने केली तर ठीक. पण प्याद्याने मात केली की ओट्यावरची माणसं उठून उभी राहायची, हरलेला माणूस चार दिवस त्या गल्लीने जायचा नाही. आजोबांच्या प्यादेमाती काका अजून सांगायचे, कुठल्या घरातून कुठल्या घरात, सगळ्या.

"वजिरानं मारलं तर त्याच्यात काय आहे?" ते म्हणायचे. "बंदूक हातात असली का कोणीबी शिकार करते. प्यादं बिचारं एक एक घर चालते, मागं फिरू शकत नाही. त्यानं जाऊन राजाची गचांडी धरली, का मग खरा खेळ."

"काका, मात ती मातच ना?"

"मग पोहे ते पोहेच. तू काहून तर्री घेते?"

यावर मी माझ्या प्लेटमधली तर्री भुरकायचे.

शपथेचा किस्सा माझ्या आधीचा, पण पोहेवाल्यासकट सगळ्यांनी मला तो इतक्यांदा सांगितला की मी तिथे हजर होते असंच मला वाटतं. रविवारचा खेळ आटोपून सगळे ठेल्यावर उभे होते आणि काका आजोबांची एक प्यादेमात रंगवून सांगत होते. डॉक्टर म्हणाले, "काका, हे सगळं गावच्या ओट्यावर ठीक आहे. समोर घड्याळ ठेवलं की प्यादं वगैरे काही सुचत नाही. रॅपिड स्पर्धेत तुम्ही आयुष्यात प्यादेमात करू शकणार नाही." नेमका त्या वेळी पोहेवाल्याने तर्रीचा डाव भरून काकांच्या प्लेटवर आणला होता. काकांनी प्लेट झटकन मागे घेतली. तर्री पोहेवाल्याच्याच पायावर सांडली.

"थांब," काका म्हणाले. "घड्याळावर, पंचासमोर, स्पर्धेत प्यादेमात करीन तवाच तर्री खाईन. तोवर मले कोरडे देत जा."

माणसं अंगात आलं की जमीन सोडतात, मिशी काढतात. काकांनी तर्री सोडली. दुसऱ्या दिवशी त्यांना पश्चात्ताप झाला असणार, पण पारशिवनीचा माणूस बोलला की बोलला.

काकू मात्र खूश झाल्या. तर्री खाल्ली की काकांना रात्रभर करपट ढेकर यायचे आणि काकूंना ते ऐकत जागावं लागायचं. त्या मला एकदा बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्या खेळाचं मले काही कळत नाही वं. पण याइले ते प्याद्याचं काही जमू देऊ नका." नवरा स्पर्धेला निघाला की देवापुढे त्याच्या हरण्यासाठी दिवा लावणारी ती एकच बायको मी पाहिली.

काकांच्या खेळण्याच्या तऱ्हा बघायला मला फार आवडायचं. मारलेला मोहरा ते कधी आडवा टाकायचे नाहीत. बाजूला उभा करून ठेवायचे, आणि तो समोरच्याचा असला तरी त्याला मानेने रामराम करायचे. "लढून मेला आहे, निजवतो काहून?" असं आमच्यावरच ओरडायचे. घोड्याशी बोलायचे, उंटाला शिव्या द्यायचे. आणि प्यादं शेवटच्या मोक्याच्या घरात ढकलायचं असलं की ते उचलून आधी कपाळाला लावायचे, डोळे मिटायचे, मग पटावर ठेवायचे. आजोबा तसंच करत. एरवी यात कोणाचं काही जात नव्हतं, पण रॅपिडमध्ये प्रत्येकाला मोजकी मिनिटं असतात. क्लबची घड्याळं जुनी, काट्यांची. वेळ संपत आली की काटा एक लाल झेंडी उचलून धरायचा आणि वेळ संपली की ती टपकन पडायची. झेंडी पडली आणि समोरच्याने घड्याळ थांबवून दाखवलं, की तुम्ही हरलात. काका त्या घड्याळाला सासू म्हणायचे. "आपण काहीबी करा, हिचं तोंड वाकडंच."

तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांत एखाद्याने दया करून काकांना प्यादेमात करू का दिली नाही? दिली होती. उमरेडहून एसटीने एक मास्तर स्पर्धेला यायचे, स्वभावाने लोणी. त्यांच्या कानावर काकांची शपथ गेली. काकांशी गाठ पडली तेव्हा मास्तरांनी आपला राजा हळूच अशा घरात नेऊन ठेवला की शेजारी काकांचं प्यादं आयतं तयार. काकांनी पटाकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं.

"गुरुजी, हे काय करून राहिले?"

"चूक झाली हो," मास्तर म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

काकांनी घड्याळ थांबवलं, हात पुढे केला आणि स्वतः हार पत्करून उठले. खाली ठेल्यावर ते मला म्हणाले, "भिकेची तर्री खाऊ काय आता मी?" मास्तर त्यानंतर बरेच दिवस आले नाहीत. मला त्या मास्तरांचं वाईट वाटलं होतं, काकांचाही राग आला होता. एवढा कसला ताठा!

आणि मग ती आमची स्पर्धा आली. क्लबचीच, रॅपिड, पंच अर्थातच डॉक्टर. काकांच्या घरी सामानाची बांधाबांध सुरू होती. पुण्याला मुलीकडे कायमचं जायचं ठरलं होतं, काकूंच्या गुडघ्यांना आता एकटं घर झेपत नव्हतं. म्हणजे ही काकांची नागपुरातली शेवटची स्पर्धा. हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटच्या फेरीत चिठ्ठी निघाली, काका विरुद्ध मी.

"घाबरली का वं?" काकांनी मोहरे लावता लावता विचारलं.

"तुम्हाला कोण घाबरतं?"

"शाबास. दया नको करू. मी बी नाही करणार."

ते पांढरे घेऊन बसले, मी काळे. सुरुवातीलाच माझा एक उंट त्यांच्या घरात शिरला, एक प्यादं खाऊन तिथेच कोपऱ्यात बसून राहिला. मला वाटलं, चला, फुकटचं मिळालं. पण काकांनी त्या प्याद्याच्या बदल्यात माझ्या राजाकडची सगळी दारं उघडून घेतली. त्या दिवशी ते असे खेळले की मी त्यांना तसं खेळताना कधी पाहिलं नव्हतं. शिव्या नाहीत, घोड्याशी बोलणं नाही. माझा राजा कोपऱ्यात गेला. त्यांचा घोडा समोर, हत्ती बाजूला, आणि मधून एक प्यादं वर येत होतं. मला दिसलं. मागे उभ्या असलेल्या माणसांनाही दिसलं. बाकीचे डाव संपले होते, सगळा क्लब आमच्या टेबलाभोवती गोळा झाला. कूलर कोणीतरी बंद केला. डॉक्टर पंच असूनही तोंड उघडं टाकून बघत होते.

मी जमेल तेवढं अडवलं. अगदी मनापासून अडवलं, देवाशपथ. काकांच्या घड्याळातली झेंडी वर उचललेली होती. त्यांनी घड्याळाकडे बघितलंच नाही. हात पुढे आला, प्यादं उचललं.

आणि कपाळाला लावलं. डोळे मिटले.

झेंडी पडली.

एवढीशी टप वाजली. नियम असा, की मी घड्याळ थांबवलं तर मी जिंकले, आणि मी गप्प राहिले तर पुढच्या क्षणी प्यादं खाली येणार आणि काकांची शपथ पुरी होणार. त्या खोलीत एक माणूस असा नव्हता की ज्याला मी गप्प राहावंसं वाटत नव्हतं. मलाही वाटत होतं. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, चक्क विनवणीने. पण मला उमरेडच्या मास्तरांच्या लाल पाळ्या आठवल्या आणि समोरचा हा हट्टी म्हातारा, जो थोड्या वेळापूर्वीच दया नको म्हणाला होता. उद्या कोणीतरी सांगणारच होतं त्यांना.

मी घड्याळ थांबवलं. "काका, झेंडी पडली."

काकांनी डोळे उघडले. घड्याळ पाहिलं. मग हातातलं प्यादं सावकाश पुढच्या घरात ठेवलं. राजाला शह, पळायला जागा नाही. सगळ्यांच्या तोंडून एकदम "अरेरे" निघालं. काकांनी माझ्याशी हात मिळवला, डॉक्टरांना म्हणाले, "पॉइंट बाईंचा लिहा," आणि जिना उतरून गेले. ठेल्यावर थांबले नाहीत. कोरडे पोहेसुद्धा खाल्ले नाहीत.

त्यानंतर क्लबात मला कोणी धड बोलेना. पोहेवाला माझ्या प्लेटवर तर्री टाकायचा ती अशी, की जणू त्याच्या घरचं काही जातंय. एकट्या काकूंचा फोन आला, "बाई, तुझे लय उपकार वं. याइचं पोट वाचलं." काका फोनवर आले नाहीत. मला खूप लागलं ते. मी रागावलेसुद्धा. नियम त्यांचा, ताठा त्यांचा, आणि खलनायिका मी?

मग एका भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही अशा मे महिन्याच्या उन्हात, काका माझ्या ऑफिसात आले. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, चेहरा लालबुंद. समोर एक गृहस्थ पॉलिसीची चौकशी करत बसले होते. काकांनी त्यांना बाजूला सरकवलं, पिशवीतून चुंबकाचा छोटा पट काढला आणि माझ्या कागदांवर ठेवला. मोहरे लावूनच आणले होते. आमचाच डाव, शेवटची स्थिती.

"हे पाय," पटाकडे बोट दाखवून ते म्हणाले.

"काका, झालं ते झालं, आता..."

"बोलू नको, पाय. तुहा उंट कुठं आहे?"

मी पाहिलं. सुरुवातीला प्यादं खाऊन त्यांच्या कोपऱ्यात बसलेला माझा उंट तिथेच होता. त्याच्यापासून ते प्याद्यापर्यंत तिरपी वाट, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत, पूर्ण मोकळी. उंट येऊन प्यादं खाऊन टाकत होता. शह गेला, मात गेली, काही उरलं नाही.

"मात झालीच नव्हती वं!" काका ओरडले. मागच्या केबिनमधून साहेब डोकावले. "मले दिसलं नाही, तुले दिसलं नाही, त्या दातांच्या डॉक्टरले तर काय दिसते! सगळे प्याद्याकडंच पाहून राहिलो होतो. काल रात्री लावून बसलो तवा कळलं."

मी हसायला लागले. थांबताच येईना. काकाही हसायला लागले, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "तू त्या दिवशी चूप राहिली असती, तर मी खाली जाऊन तर्री खाल्ली असती. खोट्या प्यादेमातीवर. आजोबाले काय तोंड दाखवलं असतं मी? तू माही शपथ वाचवली, बाई." त्यांचे डोळे भरले होते. माझेही. पॉलिसीवाले गृहस्थ तेवढ्यात उठून दुसऱ्या टेबलावर गेले.

पुढच्या आठवड्यात काका पुण्याला गेले.

तिथून फोन यायचे. सगळे तक्रारींचे. "इथं पोह्यावर काय टाकतात माहीत आहे? खोबरं! मी कोरडे खातो त्याचं कोणाले काहीच वाटत नाही वं. सगळेच कोरडे खातात. शपथेची काही इज्जतच नाही राहिली." सोसायटीत एक क्लब होता, स्पर्धाही होत्या, पण खेळणारे फार सभ्य. "हरले तरी हसतात. मले भरवसाच वाटत नाही."

गेल्या पावसाळ्यानंतर एका शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"झालं वं."

माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. "प्याद्याने?"

"प्याद्यानं."

"घड्याळ?"

"घड्याळ होतं. आता डिजिटल आहे. झेंडी नाही पडली. मी कपाळाले नाही लावलं, आधीच लावून ठेवलं होतं सकाळी."

"समोरच्याने मुद्दाम दिली?"

"त्याले काही कळलंच नाही. 'वेल प्लेड' म्हणे अन् चालला चहा प्यायले. त्याच्या बापजन्मी त्यानं प्यादेमात ऐकली नव्हती."

"थांबा," मी म्हटलं. "स्थिती सांगा."

पोळी तव्यावर तशीच ठेवून मी पट मांडला. काका एकेक मोहरा सांगत गेले, मी लावत गेले. प्यादं लावलं. मग मी बघत बसले. घोडा बघितला, हत्ती बघितला, दोन्ही उंटांच्या तिरप्या वाटा बोटाने चालून बघितल्या. कोपऱ्यात कोणी बसलंय का ते परत बघितलं. पलीकडून काकांचा श्वास ऐकू येत होता.

"काहून वं, झोपली का?"

"मात आहे, काका," मी म्हटलं. "पक्की आहे."

मग फोनवर काकू आल्या, "हे रडून राहिले वं. काय सांगितलं तू याइले?" मग परत काका. नाक ओढून म्हणाले, "पण इथं तर्री कुठून आणू? काकू करते म्हणते, पण तिच्या हातची तर्री म्हणजे वरण. तू उद्या जा. माह्या नावानं खाय."

रविवारी मी ठेल्यावर गेले. कानाला फोन लावलेला, पलीकडे काका.

"काकांची प्लेट द्या," मी म्हटलं.

पोहेवाल्याने सवयीने कोरडे पोहे भरले, वर शेव टाकली आणि पुढे केले. मी घेतले नाहीत.

"तर्री घाला."

त्याचा हात तसाच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या कानाच्या फोनकडे पाहिलं. "झालं?"

"झालं."

त्याने डाव पातेल्याच्या तळापर्यंत घातला, तळचे हरभरे ढवळून वर काढले आणि प्लेट काठोकाठ भरली. या वेळी पायावर सांडली ती माझ्या. पहिल्याच घासाला मला जबरदस्त ठसका लागला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, बोलता येईना.

"कशी आहे वं?" काका विचारत होते. "बोल ना, कशी आहे?"

"तिखट आहे, काका."

"मग अजून माग," ते म्हणाले. "तो नाही म्हणत नाही."